माळ्यावरच्या अँप्लिफायरचं वय

१९८८ साली आमच्या एका नातेवाइकांनी कुवेतहून येताना दोन अँप्लिफायर आणले. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, खोक्यावरचे नंबरसुद्धा पाठोपाठचे. एक आमच्या अंबरनाथच्या घरी आला, दुसरा बदलापूरला मामांकडे गेला. आमचा रोज वाजला. सकाळी रेडिओ, संध्याकाळी कॅसेट, गणपतीत दहा दिवस आरत्या. मामांनी मात्र त्यांचा जपून वापरला, आणि पुढे घरात होम थिएटर आलं तेव्हा तो स्वच्छ पुसून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, मूळ खोक्यात भरून माळ्यावर चढवला. पंधराएक वर्षं तो तिथेच होता.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत खोकं खाली आलं. "नवाकोरा आहे बघ, एक ओरखडा नाही," मामा म्हणाले. खरंच नव्हता. पण लावल्याबरोबर डाव्या स्पीकरमधून भुणभुण सुरू झाली, उजवा गप्प राहिला, आणि आवाजाचं बटण फिरवलं की पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी खरखर. आमचा रोज राबलेला, कोपरे झिजलेला अँप्लिफायर त्याच संध्याकाळी घरी नीट वाजत होता.

जो वापरला तो टिकला आणि जो जपला तो बिघडला, असं का व्हावं? आणि आता मामांनी काय करावं? दुरुस्तीला पैसे घालावेत, की नवा घ्यावा? आमचा चांगला वाजतोय, तर त्यालाही वयाकडे बघून दुकानात न्यावं का? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात असे अँप्लिफायर घरोघरी आहेत. कुणी आखातातून आणलेले, कुणी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून खांद्यावर वाहून लोकलने आणलेले. त्यांच्याबद्दल ठरवायचं तर आधी आत काय चालतं ते समजून घ्यावं लागतं.

टाकी, चावी आणि दोन मुसळं

अँप्लिफायर आवाज मोठा करतो असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो कॅसेट डेक किंवा मोबाइलमधून आलेल्या क्षीण विजेच्या तालावर, भिंतीच्या प्लगमधून आलेली दांडगी वीज स्पीकरकडे सोडतो. नळाच्या चावीसारखं आहे हे. चावी फिरवायला बोटाचा जोर पुरतो, पण धार येते ती वरच्या टाकीच्या दाबाची. ही चावी म्हणजे ट्रान्झिस्टर.

टाकीची गोष्ट आपल्या भागात वेगळी सांगायला नको. नळाला पाणी ठरावीक वेळी येतं, आपण दिवसभर वापरतो, मध्ये टाकी असते म्हणून निभतं. विजेचंही तेच. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पूर्ण हेलकावा खाते. ट्रान्सफॉर्मर तिचा दाब कमी करतो, डायोड तिला एकाच दिशेला वळवतात, आणि मग ती सेकंदाला १०० वेळा, भरती-ओहोटीसारखी, उसळून उसळून येते. स्पीकरला हवी असते अखंड, सपाट वीज. त्यासाठी मध्ये दोन मोठे, डब्यासारखे भाग बसवलेले असतात. आपले मेकॅनिक त्यांना फिल्टर कंडेन्सर म्हणतात, पुस्तकात त्यांना कपॅसिटर म्हणतात. उसळी आली की ते भरून घेतात आणि मधल्या क्षणात स्वतःतली वीज पुरवतात. ही टाकी लहान झाली, तर सेकंदाच्या त्या १०० उसळ्या थेट स्पीकरमध्ये उतरतात. मामांच्या डाव्या स्पीकरमधली भुणभुण तीच होती.

तिसरी गोष्ट मुसळांची. दोन बायका एकाच उखळात आळीपाळीने कांडतात तेव्हा एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली येतं. बहुतेक घरगुती अँप्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टरच्या जोड्या असंच काम करतात. एक स्पीकरचा पडदा पुढे ढकलतो, दुसरा मागे ओढतो. कांडणात एकीने हात जरा उशिरा घातला तर लय तुटते. ट्रान्झिस्टरमध्येही एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना फट पडली तर हळू आवाजातलं गाणं करकरीत, कोरडं लागतं. ती फट पडू नये म्हणून दोन्ही ट्रान्झिस्टर गाणं नसतानाही किंचित चालू ठेवलेले असतात, सिग्नलला उभ्या असलेल्या रिक्षाचं इंजिन चालू असतं तसे. या किंचित चालू ठेवण्याला बायस म्हणतात. तो एका छोट्या स्क्रूने लावलेला असतो आणि वर्षानुवर्षांत सरकतो.

म्हातारं नेमकं काय होतं?

जुना अँप्लिफायर असं म्हटलं की सगळंच जुनं झालं असं डोळ्यांसमोर येतं. तसं नसतं, आणि सगळा निर्णय खरं तर याच मुद्द्यावर उभा आहे. ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंडाच्या पट्ट्या आणि तांब्याची तार. फार तापला नाही, भिजला नाही, तर तो तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकतो. धातूच्या टोपीत बंद केलेला ट्रान्झिस्टर चाळीस वर्षांनी पहिल्या दिवसासारखाच असू शकतो. ॲल्युमिनियमचे पंखे असलेला उष्णता घालवणारा ठोकळा, म्हणजे हीट सिंक, त्याला तर काही होतच नाही. अँप्लिफायरच्या वजनाचा आणि मूळ किमतीचा मोठा भाग यांतच असतो.

म्हातारे होतात ते कंडेन्सर, आणि जिथे धातू धातूला टेकतो त्या जागा.

मोठ्या कंडेन्सरच्या आत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची गुंडाळी असते, मध्ये एका द्रवाने ओला केलेला कागद. पत्र्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तो थरच वीज अडवून धरतो. तो द्रव खालच्या रबरी बुचातून वर्षानुवर्षं, कणाकणाने उडून जातो. द्रव कमी झाला की टाकी लहान होते आणि आतला अडथळा वाढतो. अडथळा वाढला की कंडेन्सर तापतो, आणि तापला की द्रव आणखी लवकर उडतो.

किती लवकर, याचा एक ढोबळ नियम इंजिनिअर वापरतात: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. कंडेन्सरच्या अंगावर बघा, ८५ किंवा १०५ अंश असा आकडा छापलेला असतो. समजा एखादा कंडेन्सर ८५ अंशांना २,००० तासांच्या हमीचा आहे. तोच ६५ अंशांत ठेवला तर ८,००० तास, ५५ अंशांत ठेवला तर १६,००० तास. रोज दोन तास ऐकणाऱ्या घरात पहिला हिशोब होतो सुमारे ११ वर्षांचा, दुसरा सुमारे २२ वर्षांचा. अँप्लिफायर तोच, गाणी तीच, फरक फक्त दहा अंशांचा.

आता आपलं गाव आठवा. मुंबईच्या उन्हाळ्याला समुद्र आवर घालतो. बदलापूर-कर्जतच्या बाजूला एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस ओलांडतो. त्यात अँप्लिफायर शोकेसमध्ये, काचेमागे, वर व्हीसीआर किंवा सेट-टॉप बॉक्स आणि त्यावर भरतकामाचा रुमाल. हवा खेळायला म्हणून वरच्या पत्र्याला पाडलेल्या फटी आपण प्रेमाने झाकून टाकतो. आमचा अँप्लिफायर टिकला त्याचं एक कारण अगदी साधं आहे. त्याला शोकेसमध्ये जागा नव्हती. तो खिडकीजवळच्या उघड्या फळीवर होता.

सारवलेली जमीन

मग मामांचा का बिघडला? तो तर तापलाच नव्हता.

पत्र्यावरच्या त्या पातळ थराचं वागणं शेणाने सारवलेल्या जमिनीसारखं असतं. जमीन वापरात असेल तर घरातली बाई ठरावीक दिवसांनी सारवते आणि भेगा बुजतात. घर बंद राहिलं तर सारवण होत नाही, पोपडे धरतात. कंडेन्सरमध्ये सारवण्याचं काम वीजच करते. त्यात दाब असतो तोवर थराला पडलेल्या बारीक भेगा आतल्या द्रवाच्या मदतीने पुन्हा भरून निघतात. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की थर कमजोर होतो. अशा कंडेन्सरला एकदम पूर्ण दाब दिला तर वीज थरातून गळू लागते, आत उष्णता होते, आणि कधी तो फुगतो, कधी फुटतो.

म्हणजे माळ्यावरून काढलेला अँप्लिफायर थेट प्लगला लावणं ही आमची पहिली चूक. सुदैवाने फुटलं काही नाही.

शिवाय प्लॅस्टिकच्या पिशवीने त्याला कोरडं ठेवलं नव्हतं. उल्हास नदीच्या खोऱ्यात जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी धरते. पिशवीत एकदा शिरलेला दमटपणा बाहेर पडत नाही. पत्र्याच्या पेटीवरची सुती चादर त्यापेक्षा बरी.

पैंजण काळे पडतात तसं

उजवा स्पीकर गप्प का होता? तपासताना लक्षात आलं की आवाज बराच वाढवला की तो अचानक जागा होतो आणि मग चालू राहतो. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ती बहुतेक वेळा एकाच भागाकडे बोट दाखवते.

अँप्लिफायर चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी आतून टक् असा आवाज येतो. तो रिलेचा. आत काही गडबड असेल तर स्पीकर जळू नयेत म्हणून हा छोटा स्विच आधी थांबतो, सगळं ठीक वाटलं की स्पीकर जोडतो. त्याच्या टोकांना चांदीचा मिश्रधातू असतो. गाणी निवडायच्या बटणांच्या आतही चांदीचा मुलामा असतो. आणि चांदीचं काय होतं हे पैंजण घालणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. हवेतल्या गंधकाच्या वायूंनी ती काळी पडते. त्या काळ्या थरातून हळू आवाजाची क्षीण वीज जात नाही. आवाज वाढवला की जोरदार वीज थर भेदून जाते.

आपल्या पट्ट्यात हा काळा थर लवकर धरतो असं मला वाटतं, आणि त्याला कारण आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांचे कारखाने आहेत. वालधुनी नदीच्या काठावरच्या लोकांना तो कुजक्या अंड्यांचा वास सांगायला नको. २०१४ साली त्या नदीत सोडलेल्या रसायनांतून वायू पसरून उल्हासनगरात शेकडो माणसं आजारी पडली होती. जी हवा माणसांच्या छातीत जाते तीच अँप्लिफायरमध्ये जाते. माणसांचं दुःख मोठं आहे, त्याची बरोबरी यंत्राशी करायची नाही. पण नदीकाठच्या घरात राहिलेला अँप्लिफायर तपासताना मेकॅनिकला हे आवर्जून सांगावं.

आवाजाच्या बटणाची खरखर या कुळातलीच. आत काजळीची, म्हणजे कार्बनची एक पट्टी असते आणि तिच्यावरून धातूचं बोट सरकतं. धूळ बसली की ते अडखळत जातं. वीज बंद करून बटण टोकापासून टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवलं तर पुष्कळदा निम्मी खरखर जाते. उरलेली कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने जाते. शिवणयंत्राचं तेल मात्र घालू नये. चार दिवस बरं वाटतं, मग तेलावर धूळ बसून चिखल होतो.

जे ऐकू येत नाही

आतापर्यंतचे दोष कानाला कळणारे होते. आमच्या चांगल्या वाजणाऱ्या अँप्लिफायरकडे वळायचं कारण हे, की दोन दोष ऐकू येत नाहीत आणि तेच महागात पडतात.

पहिला, स्पीकरकडे सतत जाणारी एकाच दिशेची वीज. गाणं म्हणजे पुढे-मागे होणारी वीज, स्पीकरचा पडदा तिच्याबरोबर झोपाळ्यासारखा हलतो. आतला एखादा भाग बिघडला की झोपाळा एका बाजूला ओढून धरल्यासारखा होतो. पडदा अडकून बसतो, त्यातली तारेची गुंडाळी तापते आणि एक दिवस जळते. हे मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो. गाणं बंद, आवाज शून्यावर, स्पीकरच्या दोन टोकांमध्ये डीसी मिलिव्होल्ट मोजायचे. ५० मिलिव्होल्टपर्यंत काळजी नाही. १०० च्या पुढे गेलं तर दाखवून घ्यावं. व्होल्टमध्ये आकडा आला तर स्पीकर जोडूच नये.

दुसरा, आधी सांगितलेला बायस. तो कमी झाला तर आवाज कोरडा होतो, कान असलेल्याला कळतं. तो वाढला तर आवाज छानच लागतो, पण ट्रान्झिस्टर विनाकारण तापत राहतात. गाणं नसताना अर्ध्या तासाने वरच्या जाळीवर तळहात ठेवून बघावा. कोमट लागलं तर ठीक. हात ठेववत नसेल, किंवा डावी-उजवी बाजू वेगवेगळी तापत असेल, तर वाट बघू नये.

यात विजेचा दाबही येतो. आपल्याकडे ठरलेला दाब २३० व्होल्ट, नियमाप्रमाणे सहा टक्के वर-खाली चालतो, म्हणजे २४४ पर्यंत. आखातातून आलेल्या अनेक अँप्लिफायरना मागे दाब निवडायचा छोटा स्विच असतो आणि तो बहुधा २२० वर असतो. २२० ला आत ४५ व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर २४४ ला जवळजवळ ५० देतो. कंडेन्सर ५० व्होल्टचाच असेल तर त्याच्याकडे काही शिल्लकच उरत नाही. त्या स्विचवर २४० चा पर्याय असेल तर तोच निवडावा, अर्थात वायर प्लगमधून काढूनच. जपानच्या बाजारासाठी बनलेला अँप्लिफायर १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला १२० चा, सौदीत पूर्वी अनेक घरांत १२७ व्होल्ट असत. हे थेट भिंतीच्या प्लगला लावले तर हा लेख पुढे वाचायची गरज राहत नाही. त्यांना दाब उतरवणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो.

चौकट: दुकानात नेण्याआधी घरी बघा (झाकण न उघडता)

▪ आवाज शून्यावर असतानाही भुणभुण: विजेच्या टाकीचा, म्हणजे फिल्टर कंडेन्सरचा संशय.
▪ आवाज वाढवला की भुणभुण वाढते: आधी मागच्या सगळ्या वायरी काढून बघा. गेली, तर दोष वायरीत किंवा अर्थिंगमध्ये.
▪ एक बाजू हळू आवाजात गप्प, मोठ्यात जागी: रिले किंवा स्विच काळा पडलाय.
▪ टक् आवाज येतच नाही: अँप्लिफायर स्पीकरला वाचवतोय. पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका.
▪ थापटल्यावर आवाज येतो-जातो: कथलाचा सुटलेला सांधा, म्हणजे ड्राय सोल्डर.
▪ जळका किंवा माशांसारखा वास, धूर, पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या: प्लग काढा, दाखवल्याशिवाय लावू नका.
▪ झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठलेली असते.

सिरीजचा बल्ब

वर्षानुवर्षं बंद असलेला अँप्लिफायर पहिल्यांदा कसा चालू करायचा? जुन्या मेकॅनिकच्या टेबलावर एक लाकडी बोर्ड असतो. त्यावर एक होल्डर, त्यात ६० किंवा १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब. त्याला सिरीज बोर्ड म्हणतात. भिंतीतली वीज आधी या बल्बमधून जाते, मग अँप्लिफायरकडे.

तारेचा गुण असा, की थंड असताना ती वीज सहज जाऊ देते आणि तापून प्रकाशली की अडवते. अँप्लिफायर धड असेल तर चालू करताच टाकी भरण्यापुरता बल्ब लखकन पेटतो आणि क्षणात मंद होतो. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटून तसाच राहतो. वीज बल्बमध्ये खर्च होते आणि अँप्लिफायर वाचतो. एलईडी बल्बने हे काम होत नाही. म्हणून तारेचे बल्ब बाजारातून जात असताना मेकॅनिक मंडळी ते साठवून ठेवतात. काही दुकानांत व्हेरिॲक असतो, त्याने दाब हळूहळू, तासाभरात चढवता येतो. कंडेन्सरचं सारवण असंच होतं.

मेकॅनिक चांगला आहे का हे ओळखायची माझी खूण हीच. माळ्यावरून काढलाय असं सांगितल्यावर जो थेट प्लग लावतो त्याच्याकडे मी ठेवत नाही. जो सिरीज बोर्ड पुढे ओढतो त्याच्यासमोर मी खुर्ची घेऊन बसतो.

सगळे कंडेन्सर बदला?

काही दुकानांत सरसकट सल्ला मिळतो: वय झालंय, सगळे कंडेन्सर बदलून टाकू. मला हे पटत नाही. आत तीस-चाळीस कंडेन्सर असतात, त्यांतले बरेच छोटे, थंड कोपऱ्यात बसलेले, अजून धड असतात. प्रत्येक भाग काढताना आणि लावताना जुन्या तपकिरी बोर्डावरची तांब्याची नाजूक रेघ उचकटण्याचा धोका असतो. चांगल्या भागांसाठी तो धोका का घ्यायचा? मोजून बघावं. कंडेन्सरचा आतला अडथळा मोजणारं ईएसआर मीटर आता छोट्या दुकानांतही असतं. दोन मोठे फिल्टर कंडेन्सर आणि हीट सिंकला खेटून तापत राहिलेले चार-पाच, बहुधा एवढ्यातच निभतं. नवा कंडेन्सर मूळच्याइतक्या किंवा जास्त व्होल्टचा, १०५ अंशांचा घ्यावा. टाकी फार मोठी केली तर चालू करताना डायोडवर ताण येतो, तेव्हा तो मोह टाळावा.

ट्रान्झिस्टर बदलायची वेळ आली तर मात्र सावध. बाजारात नकली माल असतो, आणि नकली मालाचा विषय आला की उल्हासनगरचं नाव निघतं. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे आलेली सिंधी कुटुंबं, १९४९ साली मिळालेलं उल्हासनगर हे नाव, आणि रिकाम्या हातांनी उभे केलेले कारखाने. 'मेड इन यूएसए'चा, म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'चा, विनोद त्यानंतर देशभर झाला. नकली ट्रान्झिस्टर सिंगापूरपासून युरोपपर्यंत सगळ्या बाजारांत आहेत, आणि ट्रान्सफॉर्मरची तार हाताने नव्याने गुंडाळून देणारी माणसं मला उल्हासनगरच्याच कॅम्पांच्या गल्ल्यांत भेटली आहेत. एका गावावर तो शिक्का मारणं अन्यायाचं आहे.

नकली ट्रान्झिस्टर का जळतो हे समजलं की तो टाळता येतो. ट्रान्झिस्टरच्या आत सिलिकॉनचा एक चौकोनी तुकडा असतो. तोच तापतो आणि उष्णता खालच्या धातूला देतो. मोठा तवा आचेवर ठेवला तर उष्णता पसरते, नाणं ठेवलं तर ते लालभडक होतं. नकली मालात बाहेरची टोपी आणि छापलेला नंबर मोठ्या ट्रान्झिस्टरचे, आतला तुकडा नाण्याएवढा. हळू आवाजात तो छान वाजतो. लग्नघरी आवाज वाढवला की संपतो.

म्हणून दुरुस्त होण्याजोगं काय, याची एक कसोटी आतल्या भागांवरूनच लागते. १९७८ साली आलेला एनएडी कंपनीचा ३०२० हा अवघा २० वॉटचा स्वस्त अँप्लिफायर जगभर अजून दुरुस्त होतो. त्यात साधे, सुटे भाग आहेत. त्यातला २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर १९६० च्या दशकापासून आजतागायत बनतो. याउलट ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या पुष्कळ संचांत सान्यो कंपनीची एसटीके नावाची काळी वीट असते. सगळा शक्तीचा भाग त्या एका ठोकळ्यात. तो अस्सल आता सहज मिळत नाही आणि नकली फार मिळतात. एसटीके गेलेला साधा संच असेल तर मी मन घट्ट करून थांबण्याचा सल्ला देईन. एसटीके शाबूत असेल आणि दोष कंडेन्सरचा असेल, तर दुरुस्ती जरूर करावी.

पाण्यात गेलेला

२६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २७ जुलै २०१९ ला, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली त्या दिवशी, उल्हासचं पाणी तळमजल्यांत शिरलं. अशा घरांतले अँप्लिफायर नंतर उन्हात वाळवून प्लगला लावले गेले, आणि बरेच त्या क्षणी गेले. पुराच्या पाण्यात गाळ आणि क्षार असतात. पाणी वाळतं, क्षार राहतात, दमट हवेत पुन्हा ओले होतात आणि त्यांतून वीज वाट काढते. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीत शिरलेलं पाणी आठवड्यातही निघत नाही.

असा संच अजिबात चालू न करता मेकॅनिककडे न्यावा. स्वच्छ पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुणं आणि पुष्कळ दिवस कोमट हवेत सुकवणं, हे आधी. फक्त तळाला पाणी लागलं होतं आणि ट्रान्सफॉर्मर वर होता, तर आशा आहे. ट्रान्सफॉर्मर बुडाला असेल तर तो नव्याने गुंडाळण्याचा खर्च धरूनच विचार करावा.

आम्ही काय केलं

खर्चाबाबत मी एक हिशोब पाळतो. तेवढ्याच ताकदीच्या, तेवढ्याच वजनदार नव्या अँप्लिफायरची किंमत काढायची. दुरुस्ती तिच्या निम्म्याच्या आत असेल आणि ट्रान्सफॉर्मर व मूळ ट्रान्झिस्टर शाबूत असतील, तर दुरुस्ती. बाजारातल्या हलक्या ब्लूटूथ स्पीकरशी तुलना करायची नाही, ती वेगळी वस्तू आहे.

आमचा अँप्लिफायर तपासायला दिला. स्पीकरच्या टोकांना डावीकडे १४, उजवीकडे २० मिलिव्होल्ट, बायस जागेवर, फिल्टर कंडेन्सर थोडे उतरलेले पण चालण्याजोगे. मेकॅनिकने आतली धूळ ब्रशने काढली, ट्रान्झिस्टरची उष्णता हीट सिंकला पोचवणारी, वाळून खडू झालेली पेस्ट पुसून नवी लावली, आणि "आणखी काही करायला नको, दोन वर्षांनी पुन्हा आणा" म्हणून परत दिला. मी त्याच्याकडे सारखा येतो त्याचं कारण हे वाक्य.

मामांच्या संचाला दोन फिल्टर कंडेन्सर नवे लागले, हीट सिंकजवळचे तीन बदलले, रिले नवा घातला, आवाजाचं बटण धुतलं. मागचा स्विच २२० वरून २४० वर गेला. काढलेले भाग मी मागून घेतले. नेहमी मागून घ्यावेत. मामांनी ते कंडेन्सर तळहातावर घेऊन उलटेपालटे केले. एकाच्या डोक्यावरचा पत्रा मधोमध फुगला होता, खाली बुचाजवळ तपकिरी डाग होता. "एवढ्याशानं एवढं?" म्हणाले. मग त्यांनी शोकेसची काच सरकवून काढली आणि अँप्लिफायर खिडकीजवळच्या फळीवर ठेवला. वरचा रुमाल मामींनी घडी घालून कपाटात टाकला.